खिंडीला रीतसर गेट

४ फेब्रुवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची सुरुवात कुठेतरी नोंदलेली असावी म्हणून. काम: खिंडीला गेट.

पार्श्वभूमी थोडक्यात, पुढे माझ्याच लक्षात राहावी म्हणून. आमच्या कॉलनीच्या मागे भिंत आहे. भिंतीपलीकडे दुसरी कॉलनी. तिथे तळमजल्यावर आई राहते. बाबा गेल्यापासून एकटी, पण घर सोडायला तयार नाही. म्हणून आम्ही इकडे रो-हाउस घेतलं, तिच्या अगदी हाकेच्या अंतरावर. बिल्डरने नकाशावर ठिपक्यांची रेघ दाखवली होती. दोन्ही कॉलन्या जोडणारा रस्ता, प्रस्तावित. लेक तेव्हा पाळण्यात होती, आता दुसरीत आहे. रेघ अजून ठिपक्यांचीच आहे.

तोवर लोकांनी भिंतीच्या विटा काढून वाट पाडली. तिला सगळे खिंड म्हणतात. लेक शाळेतून यायच्या सुमाराला आई खिंडीतून येते, तिला जेवायला घालते, आम्ही दोघं कामावरून आलो की खिंडीतून परत जाते.

आज नीट पाहिलं. एक हात विटेवर, एक पाय दगडावर, कंबरेत वाकून येत होती. गुडघे दुखतात तिचे. मला शरम वाटली. मी कुरिअर कंपनीत रूट प्लॅनिंगला आहे. अख्ख्या शहरातल्या पार्सलांचे मार्ग मी आखतो. आणि माझी आई भिंतीच्या भोकातून येते.

संकल्प: जूनच्या आत रीतसर गेट. रॅम्प. रेलिंग. वर दिवा.

बायकोला सांगितलं. म्हणाली, चाललंय ते चालू दे, नसती उठाठेव कशाला. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. दिवसभर लोकांचे रिपोर्ट बघून माणूस निराशावादी होतोच.

१० फेब्रुवारी

रस्ता समितीची पहिली बैठक, आमच्या ओट्यावर. सभासद दोन: मी आणि शंकासुर. शंकासुर म्हणजे शेजारचे निवृत्त ऑडिटर. प्रत्येक गोष्टीत खोट काढतात म्हणून कॉलनीने हे नाव ठेवलंय. त्यांचं म्हणणं, आज खिंड कुणाच्या डोळ्यांवर येत नाही कारण ती कुठल्याच कागदावर नाही. अर्ज केला की ती कागदावर येणार. मी म्हटलं, तोच तर उद्देश आहे. त्यांनी चहा संपवला आणि विरोधात मत दिलं.

ठराव मंजूर. एकास एक मतं पडली, अध्यक्षाचं जादा मत धरलं. अध्यक्ष मी.

१५ फेब्रुवारी

अर्जाला जोडायला फोटो काढला. पुरावा भक्कम हवा. आईला म्हटलं, नेहमीसारखी ये, कॅमेऱ्याकडे बघू नकोस. ती घरी परत गेली, केस नीट केले, ठेवणीतले कपडे घालून आली आणि खिंडीत उभी राहून कॅमेऱ्याकडे बघत हसली. मागे दूधवाला, क्लासच्या दोन मुली आणि एक सायकलवाला खोळंबले होते. तेही आले फोटोत. उत्तमच, वर्दळ दिसते.

आईने विचारलं, गेटला कुलूप कोण लावणार. म्हटलं, कुलूप कशाला लागेल. ती म्हणाली, गेट आलं की कुलूप आलंच. जुन्या पिढीला विकास समजावणं जिकिरीचं आहे.

२० फेब्रुवारी, मंगळवार

अर्ज दिला. रस्ते खात्याचे इंजिनिअर (यापुढे रस्तेसाहेब) स्वतः भेटले. अतिशय सौजन्यशील. विचारलं, सध्या तिथे काही वाट आहे का. मी म्हटलं, आहे तर, खूप जुनी आहे, दिवसभर माणसं जातात. ते खुर्चीत सरसावून बसले. नेमकी कुठे, किती रुंद, कोण कोण जातं, सगळं विचारून लिहून घेतलं. फोटो तर ठेवूनच घेतला. इतक्या आस्थेने ऐकणारा अधिकारी मी पहिल्यांदाच पाहिला.

येताना मिठाईच्या दुकानात थांबलो. बायकोने डबा उघडून बघितला आणि विचारलं, हे कशाबद्दल. म्हटलं, कळेलच.

३ मार्च, रविवार

उत्तर नाही. मोठ्या कामांना वेळ लागतो.

शहर भराभर वाढतंय. ऑफिसातल्या नकाशाला सारखा नवा तुकडा चिकटवावा लागतो. काल जिथे शेत होतं तिथे आज कमान, वॉचमन आणि बंद फाटक. प्रत्येक कॉलनीला एकच तोंड. आतले रस्ते गुळगुळीत, पण सगळे शेवटी भिंतीवर जाऊन संपतात. आमचे रायडर अशा कॉलन्यांना बाटल्या म्हणतात. ज्या तोंडातून आत शिरायचं त्याच तोंडातून बाहेर.

शुक्रवारी ऑफिसात मी यावर छोटंसं भाषण दिलं. म्हटलं, रस्ता रस्त्याला मिळाला पाहिजे, तरच ते शहर. सगळे शेवटपर्यंत थांबले. नंतर कळलं लिफ्ट बंद होती.

११ मार्च

नोटीस आली. दोन्ही कॉलन्यांच्या बोर्डांवर लावली आहे. सीमाभिंतीस अनधिकृत भगदाड पाडल्याचे निदर्शनास आले आहे, ते तत्काळ बुजवण्यात येईल, वगैरे. सोबत माझा फोटो. म्हणजे मी काढलेला. खाली लिहिलंय: भगदाडाचा वापर करताना आढळलेली महिला.

आई हसते आहे.

शंकासुर बोर्डासमोर बराच वेळ उभे होते. मला बघून फक्त मान हलवली. नोटिशीने माझा मूड जेवढा गेला नव्हता तेवढा त्या मान हलवण्याने गेला.

आई संध्याकाळी जाताना बोर्ड वाचून गेली. म्हणाली, फोटो बरा आलाय. मग म्हणाली, चष्मा काढायला हवा होता. मला फार वाईट वाटलं. पण घाबरण्याचं कारण नाही. जुनं अनधिकृत बंद केल्याशिवाय नवं अधिकृत उघडता येत नाही, हे प्रशासनाचं साधं तत्त्व आहे. फाइल हलली आहे, एवढं नक्की.

१४ मार्च

खिंड बुजवली. दोन गवंडी आले होते. भिंत वरून आणखी उंच केली आणि काटेरी तार लावली. मी रजा घेऊन देखरेख केली. एका ठिकाणी प्लास्टर कच्चं वाटलं, ते काढून पुन्हा करायला लावलं. सरकारी काम म्हणून कसंही चालत नाही. गवंडी म्हणाला, साहेब, आता ही शंभर वर्षं हलत नाही. मला क्षणभर समाधान वाटलं.

मग लेक शाळेतून आली आणि विचारलं, आजी कुठून येणार.

तात्पुरती व्यवस्था: रस्त्याने.

१६ मार्च, शनिवार

रस्त्याचा प्रत्यक्ष अभ्यास, स्कूटरवरून. आमच्या कमानीतून बाहेर, डावीकडे चौक, तिथून रिंग रोड. आईची कॉलनी उजव्या हाताला दिसते, पण मधल्या दुभाजकात फट नाही. म्हणून उड्डाणपूल चढायचा, उतरायचा, गोदामांपाशी यू-टर्न घ्यायचा, उलटं यायचं, सर्व्हिस रोडला लागायचं, तीन बंद फाटकं मागे टाकायची. मग आईची कमान. तिथल्या वॉचमनने वहीत नाव लिहायला लावलं. कुणाकडे, असं विचारलं. आईकडे, म्हटलं. नातं, या रकान्यात काय लिहू म्हणाला.

चालत जाता येत नाही. फुटपाथ नाही. ट्रक अंगावर येतात.

स्कूटरवर फारसं काही वाटत नाही. सवयीचा प्रश्न आहे.

१९ मार्च

आई रिक्षाने आली. सोबत पिशवीत कपड्यांचा जोड, गोळ्या, टॉवेल. विचारलं हे काय. म्हणाली, इतकं लांब येतेय, परत जाता आलं नाही तर. रिक्षावाल्याने तिला विचारलं म्हणे, किती दिवस मुक्काम आहे. येईपर्यंत लेक शेजारी जेवून झोपली होती.

आई तिच्याजवळ बसून राहिली. उठल्यावर दोघी थोड्या बोलल्या, तेवढ्यात रिक्षा मिळायची वेळ गेली आणि मी तिला सोडायला निघालो. स्कूटरवर ती माझ्या खांद्याला घट्ट धरून होती. उड्डाणपुलावर म्हणाली, अरे, किती लांब नेतोस.

२४ मार्च, रविवार

नवी व्यवस्था. शाळेतून आल्यावर लेक भिंतीपाशी जाऊन हाक मारते, आई पलीकडून ओ देते. शाळेत काय झालं, डबा खाल्ला का, सगळं भिंतीवरून. मी म्हटलं, संवाद महत्त्वाचा, भेट दुय्यम. बायको माझ्याकडे बघत राहिली.

तिने लॅबमधली ड्युटी पहाटेची करून घेतली, दुपारी घरी असावं म्हणून. त्यामुळे संध्याकाळी ती पेंगते आणि जेवढ्यास तेवढं बोलते. तेही बहुधा मीठ कुठे आहे याबद्दल.

संकल्प: बायकोला जुनी ड्युटी जूनच्या आत परत मिळवून देणे.

२ एप्रिल

शंकासुरांची तक्रार. भिंतीवरच्या बोलण्याने दुपारची झोप मोडते. लेकीला हळू बोलायला सांगितलं. हळू बोललं तर आजीला ऐकू जात नाही. आजीला मोठ्याने बोलायला सांगितलं तर तिकडच्या लोकांची झोप मोडते. आता फोनवर बोलतात. एक भिंतीच्या या बाजूला फोन घेऊन बसते, एक त्या बाजूला. मी म्हटलं, घरात बसूनही बोलता येईल. लेक म्हणाली, इथे जवळ आहे.

९ एप्रिल

आईसाठी गुडघ्याचा पट्टा आमच्याच कंपनीतून पाठवला. मार्ग मी स्वतः आखला. पार्सल आज माझ्या टेबलावर परत. वर रायडरचा शेरा: पत्ता दिसतो, पोचता येत नाही. बॉसने पाकीट उलटसुलट बघितलं, मार्ग कोणी आखला असं विचारलं. सांगितलं, सिस्टीमने.

१६ एप्रिल

आनंदाची बातमी. रस्तेसाहेबांनी बोलावलं. म्हणाले, तुमच्या प्रस्तावाचा विचार चालू आहे, त्यासाठी त्या जागेवर पादचाऱ्यांची वर्दळ मोजणार आहोत. मी म्हणत होतो ना. फाइल हलली होती.

घरी सांगितलं. बायकोने विचारलं, भिंत बंद असताना वर्दळ कशी मोजणार. तांत्रिक बाबी तिला सांगण्यात अर्थ नाही. त्यांची काहीतरी पद्धत असेल.

२२ एप्रिल, सोमवार

वर्दळ मोजणारे दोघे आले. हातात टिकटिक करणारं यंत्र, दाबलं की आकडा पुढे जातो. भिंतीच्या सावलीत खुर्च्या टाकून बसले. मी चहा दिला, दुपारी सरबत दिलं, पंखाही आणून लावला. दिवसभर कोणी दाबलं नाही.

दुपारनंतर मला थोडी काळजी वाटली. कॉलनीतल्या ओळखीच्या सगळ्यांना बोलावून आणलं. बरेच जण आले, भिंतीसमोर उभे राहिले. पलीकडून आईनेही माणसं जमवली होती, आवाज येत होता. मोजणाऱ्यांपैकी एकाने नम्रपणे सांगितलं, उभं राहिलेलं धरत नाही, पार गेलेलं धरतो.

लेक म्हणाली, आजी तिकडे आहे, मी इकडे आहे, तर दोन मोजा. त्याने तिला यंत्र हातात घ्यायला दिलं. तिने दोनदा दाबलं. त्याने जाताना ते पुन्हा शून्यावर आणलं.

एकंदरीत चांगला दिवस. माणसं सहृदय वाटली.

७ मे

सकाळी दाढी करताना आईचा फोन. चक्कर येतेय, उठवत नाही.

मी गच्चीवर धावलो. का धावलो माहीत नाही. तिथून तिची खिडकी दिसते, पडदा दिसतो, वाळत घातलेला टॉवेल दिसतो. मी हाक मारली. उत्तर नाही. मग खाली, स्कूटर, चौक, रिंग रोड. पुलावर कंटेनर आडवा झालेला. अर्ध्या तोंडाला साबण. मागे वळता येईना, पुढे जाता येईना. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. मला फक्त ती खिडकी दिसत होती.

पोचलो तेव्हा आई कॉटवर बसून साखरपाणी पीत होती. त्यांच्या कॉलनीतला मेडिकलवाला येऊन बीपी तपासून, गोळी देऊन, दुकान उघडायला परतही गेला होता. डॉक्टर येऊन गेले होते. आईने माझ्या गालाचा साबण पदराने पुसला आणि म्हणाली, तू कशाला एवढ्या लांबून आलास.

लांबून. मी तिला नकाशा काढून दाखवणार होतो. नाही दाखवला.

१२ मे, रविवार

आईला म्हटलं, माझ्याकडेच राहायला ये. चार दिवस राहिली. पाचव्या दिवशी म्हणाली, तुमच्याकडे दारातून बाहेर पडून जायचं कुठे. भाजीला रिक्षा, डॉक्टरला रिक्षा, बोलायला कोणी हवं तर रिक्षा. तिच्या मैत्रिणी भिंतीपलीकडे. त्या एकदा तिला भेटायला निघाल्या आणि पुलावरून परत गेल्या.

परत नेऊन सोडलं. नातं, या रकान्यात वॉचमनने स्वतःच मुलगा लिहिलं. ओळख झाली आता.

२७ मे

निकाल आला. टपालाने, म्हणजे आमच्या प्रतिस्पर्धी कुरिअरने, आणि पाच दिवस उशिरा. सदर ठिकाणी पादचारी वर्दळ आढळून आली नाही. सबब जोडरस्त्याची गरज दिसत नाही. प्रस्तावित रस्ता नवीन आराखड्यातून वगळण्यात येत आहे.

ठिपके पुसले.

त्या पट्ट्यात आता मागच्या नव्या कॉलनीचं पार्किंग होणार. तिच्या कमानीचं काम सुरू आहे. तोंड रिंग रोडकडे, गोदामांच्याही पलीकडे.

रस्तेसाहेबांना भेटलो. म्हटलं, भिंत तुम्हीच बांधलीत, मग माणसं जाणार कुठून. ते म्हणाले, अगदी बरोबर आहे, पण आम्ही कारण मोजत नाही, वर्दळ मोजतो. चहा दिला. खरंच फार सौजन्यशील माणूस आहे. जिन्यापर्यंत आलो. बराच वेळ तिथेच रेलिंगला धरून उभा होतो. लोक वाट काढत बाजूने जात होते.

संकल्प: अपील. समितीची तातडीची बैठक बोलावली.

२८ मे

बैठक. शंकासुर आले. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी फक्त पाठीवर हात ठेवला आणि चहाही न घेता गेले. त्यापेक्षा बोलले असते तर बरं.

५ जून

धाकटा भाऊ आला आहे. तो दुसऱ्या शहरात असतो, बसने दोन तासांवर. जुन्या वस्तीत, बाजारावर घर. चक्कर आल्याचं त्याला आईनेच सांगितलं. मी सांगणार होतो, सगळं मार्गी लागल्यावर.

आईला घेऊन जातो म्हणाला. मी म्हटलं, अरे, मी इथे बाजूलाच असताना. त्याने बसचं वेळापत्रक काढलं. आई म्हणाली, त्याच्याकडे एकदा बसमध्ये बसलं की थेट. खाली उतरलं की दवाखाना, वाणी, बाग, सगळं. तुझ्याकडे यायचं म्हणजे प्रवासच रे.

मी म्हटलं, आई, तू मला गच्चीवरून दिसतेस.

ती म्हणाली, दिसतोस रे.

८ जून

आईचं सामान बांधलं. फार नव्हतंच. घर तूर्त बंद ठेवायचं. बायकोने रजा घेतली, लेकीला सुट्टीच होती. दुपारभर पाचही जण एका खोलीत होतो. आईने लेकीला कुशीत घेऊन सगळ्या जुन्या गोष्टी पुन्हा सांगितल्या. मी कपाटाच्या चाव्या शोधत असल्यासारखं करत होतो.

बायको निघताना म्हणाली, तू मुद्दाम काही केलं नाहीस, मला माहीत आहे. तिने असं म्हणायला नको होतं. तोवर मी ठीक होतो.

९ जून, रविवार

आईला बस स्टँडवर सोडलं. खिडकीची जागा मिळाली. धाकट्याने पिशवी मांडीवर घेतली. मी सांगितलं, हे तात्पुरतं आहे, अपिलात काम होणारच, गेट झालं की लगेच परत आणतो. ती हो म्हणाली. बस सुटताना तिने हात बाहेर काढला, कंडक्टर ओरडला, तिने आत घेतला.

बायको आणि लेक शेजाऱ्यांच्या गाडीतून आधी निघाल्या. मी स्कूटरवर मागून. रिंग रोड पाइपलाइनसाठी खणलाय. सगळी वाहतूक आतून वळवली होती. आतून म्हणजे बाटल्यांतून. एका कॉलनीत शिरलो, भिंत लागली, मागे फिरलो. दुसरीत शिरलो, भिंत. तिसऱ्या कमानीच्या वॉचमनने आत घेतलंच नाही. बाहेर आलो तर मोठ्या चौकात तीन सिग्नलइतकी रांग. मग पाऊस. एका बंद दुकानाच्या छपराखाली थांबलो. तिथे उभ्या उभ्या अपिलाचे मुद्दे मनात मांडले. तीन झाले. तिसरा जरा कमजोर आहे.

पाऊस थांबला, पुन्हा रांगेत लागलो. यू-टर्नच्या अलीकडे अडकलो होतो तेवढ्यात आईचा फोन. आवाजात मोकळेपणा होता, मागे धाकट्याच्या घरातल्या भांड्यांचा आवाज येत होता. म्हणाली, पोचले रे, चहासुद्धा झाला. तू पोचलास का घरी?

म्हटलं, हो, केव्हाच.